भाड्याचा विलंब आणि दंडाची मात्रा

आपल्यापैकी काही डॉक्टरांनी दवाखान्यावरचा मजला किंवा लिंबायत, उधना भागातील एखादी खोली भाड्याने दिलेली असते. भाडेकरू पुष्कळदा आपलाच रुग्ण असतो. भाडे थकले की मागण्याचा संकोच वाटतो आणि न मागावे तर बँकेचा हप्ता थांबत नाही. यावर उपाय म्हणून काही मालक करारात 'रोज ५० रुपये दंड' असे लिहून मोकळे होतात.

याचा हिशेब करून पाहावा. भाडे ८,००० रुपये असल्यास महिन्याच्या विलंबाला १,५०० रुपये, म्हणजे वार्षिक २२५ टक्के आकार होतो! भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारातील रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद खटल्यात १९६३ साली हेच स्पष्ट केले.

मग वाजवी किती? १९६० पर्यंत सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होती व १९४७ चा भाडे नियंत्रण कायदाही एकच होता. गुजरातने तो पुढे चालू ठेवला. महाराष्ट्राने ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू केला. भाडे थकल्यावरून जागेच्या ताब्याचा दावा झाल्यावर थकबाकी भरून जागा राखू पाहणाऱ्या भाडेकरूस त्यात वार्षिक १५ टक्के सरळ व्याज द्यावे लागते. हा दर सुरतेस बंधनकारक नाही. परंतु मापदंड म्हणून उपयोगी आहे. त्यानुसार वरील भाड्यावर महिन्याला १०० रुपये होतात.

करारात देय तारीख भाडेकरूच्या पगारानंतरची ठेवावी, चार-पाच दिवसांची सवलत द्यावी, शुल्काचा दर स्पष्ट लिहावा आणि शुल्कावर पुन्हा शुल्क लावू नये. जेथे १९४७ चा कायदा लागू आहे, तेथे भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. थकबाकीवरून ताब्याचा दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. वीज-पाणी तोडून वसुली करण्यास कायद्याची मुभा नाही.

औषधाची मात्रा आपण रुग्णाची प्रकृती पाहून ठरवतो. दंडाचीही तशीच ठरवावी. भाडे वेळेवर यावे, एवढाच तिचा हेतू. आणि थकलेल्या भाड्याचा विषय तपासणीच्या खोलीत कधीही निघू नये, कारण तेथे समोर बसलेला माणूस फक्त रुग्ण असतो.