ब्रेकचा दिवा आणि फिटनेसची तपासणी
पुणे–मछलीपट्टणम महामार्गावरील हैदराबादच्या दिलसुखनगर भागातील गर्दीत पावलोपावली ब्रेक दाबावा लागत असल्याने ब्रेक पॅड, म्हणजे फिरत्या चकतीला घासून चाक थांबवणारी गादी, सतत झिजत राहते. काही गाड्यांत या गादीत बारीक तार बसवलेली असते. झीज तिच्यापर्यंत पोहोचली की तार चकतीला घासून तुटते आणि दोन्ही बाजूंस तुटक कंस असलेल्या वर्तुळाचा दिवा पेटतो. अशी तार नसलेल्या गाडीत मात्र गादी प्रत्यक्ष पाहणेच खात्रीचे. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार व्यावसायिक वाहनांना लागणाऱ्या योग्यता प्रमाणपत्राच्या, म्हणजेच ‘फिटनेस’च्या, यांत्रिक तपासणीत चाके रोलरवर फिरवून डाव्या-उजव्या ब्रेकचा जोर मोजला जातो, म्हणून दिवा विझलेला असला तरी दोन्ही बाजूंना असमान जोर लावणारे ब्रेक तिथे उघडे पडतात.