गृहसज्जेतील वस्त्रे : नाव, वीण आणि निवड

घरातील किंवा कार्यालयातील पडदे, बैठकी आणि बिछायती यांसाठी कापड निवडू लागले असता ग्राहकास प्रथम भेटते ते कापड नव्हे, तर कापडाचे नाव. मखमल, साटीन, छीट असे शब्द दुकानदार उच्चारतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्या वस्त्राच्या गुणांचे एक चित्र उभे राहते. हे चित्र कितपत विश्वसनीय असते, हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकास जितका महत्त्वाचा, तितकाच पदरचे पैसे खर्च करणाऱ्या गृहस्थासही महत्त्वाचा आहे.

वस्त्रनामांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग तंतूवरून पडलेल्या नावांचा. रेशीम, लोकर, ताग ही त्याची उदाहरणे. दुसरा वर्ग विणीवरून पडलेल्या नावांचा. मखमल हा मूळचा अरबी शब्द 'लव असलेले' एवढेच सांगतो. तिसरा वर्ग स्थलनामांचा. कालिकतवरून कॅलिको, दमास्कसवरून डमास्क आणि मुंबईच्या डोंगरीवरून डंगरी ही नावे इंग्रजीत रूढ झाली. चौथा वर्ग कापडावर नंतर केलेल्या संस्कारांचा. छीट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या शब्दाचे इंग्रजीत गेलेले अनेकवचनी रूप तेथे एकवचन म्हणून गणले गेले आणि 'चिंट्झ' हा शब्द सिद्ध झाला. हिंदुस्थानी छिटाचे पडदे आणि पलंगपोस युरोपात इतके लोकप्रिय झाले की, देशी विणकरांच्या संरक्षणार्थ फ्रान्सने १६८६ ते १७५९ या काळात अशा कापडावर बंदी घातली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ या वर्षी तत्सम कायदे केले.

या वर्गीकरणाचा व्यावहारिक निष्कर्ष स्पष्ट आहे. प्रत्येक कापडाविषयी तंतू कोणता, वीण कोणती आणि संस्कार कोणता, असे तीन प्रश्न संभवतात. नाव मात्र बहुधा त्यांपैकी एकाचेच उत्तर देते. मखमल रेशमाची असू शकते, सुताची असू शकते किंवा पॉलिएस्टरचीही असू शकते. साटीनच्या विणीत धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहतात. त्यामुळे त्यास चकाकी येते. परंतु त्याच कारणाने ते धागे अडकून सहज ओढले जातात. म्हणून रोजच्या वापरातील खुर्चीस ही वीण योग्य नव्हे, मग तंतू कितीही उंची असो.

तंतूचा विचार हवामानाशी निगडित आहे. प्रमाणित हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, रेशीम ११ टक्के आणि लोकर १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवते; पॉलिएस्टर केवळ ०.४ टक्के धरते. कोकणातील पावसाळ्यात जाड सुती पडद्यास बुरशी लागते, पॉलिएस्टरचा पडदा मात्र लवकर वाळतो. उलटपक्षी, ज्या आसनावर माणूस तासन्‌तास बसतो, तेथे घाम न शोषणारे कापड त्रासदायक ठरते. तेव्हा एकच तंतू सर्वत्र उत्तम, असे म्हणता येत नाही.

कार्यालयाच्या गरजा घराहून भिन्न असतात. तेथील आसनांस अखंड घर्षण सोसावे लागते. घर्षणसहनाची मोजणी मार्टिंडेल यंत्रावर होते. कापड किती फेऱ्यांपर्यंत टिकते, तो आकडा उत्पादकाकडे मागता येतो. उन्हात रंग कितपत टिकेल, हे निळ्या लोकरीच्या १ ते ८ या श्रेणीने ठरते आणि त्यात ८ ही श्रेष्ठ श्रेणी होय. अग्नीचा विचार तर टाळताच येत नाही. सुती कापड चटकन पेट घेते, लोकर सहसा पेटत नाही आणि पॉलिएस्टर वितळून त्याचे तप्त थेंब गळतात. जेथे अनेक लोक एकत्र येतात, अशा सभागृहासाठी अग्निरोधक संस्कार झाल्याचे प्रमाणपत्र पाहिल्यावाचून कापड घेणे हा केवळ अभिरुचीचा दोष राहत नाही.

या संदर्भात मराठीतील दोन जुन्या शब्दांकडे लक्ष वेधणे उचित होईल. अभ्रा आणि अस्तर ही फारसीतून आलेली जोडी आहे. अभ्रा म्हणजे बाहेरचा पदर आणि अस्तर म्हणजे आतला. या भेदात निवडीचे एक तत्त्व सामावलेले आहे. जो पदर मळतो तो काढून धुता यावा, म्हणून अभ्रा. जो पदर दिसतो त्याचे रक्षण व्हावे, म्हणून अस्तर. रेशीम सूर्यप्रकाशात दुर्बळ होत जाते. सुती अस्तर लावलेला रेशमी पडदा त्यामुळेच अधिक काळ टिकतो. आज 'कव्हर' आणि 'लायनिंग' या शब्दांनी त्यांची जागा बव्हंशी घेतली आहे. शब्द बदलले तरी भेद विसरला जाऊ नये, एवढेच अगत्याचे.

सारांश, वस्त्राचे नाव ही त्याच्या इतिहासाची खूण आहे, त्याच्या गुणांची हमी नव्हे. नाव ऐकून जो थांबतो, तो शब्द विकत घेतो. उरलेले दोन प्रश्न जो विचारतो, तोच कापड विकत घेतो.