चित्रांना चालायला शिकवणारे राम मोहन

ॲनिमेशनचा विषय निघाला की आपल्या होस्टेलवर गप्पा डिस्नेपासून सुरू होतात आणि ग्राफिक्स कार्ड कुणाचं भारी, यावर संपतात. मुंबईच्या राम मोहन यांचं नाव त्यात सहसा निघत नाही. म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

१९३१ साली जन्मलेले राम मोहन शिक्षणाने रसायनशास्त्राचे पदवीधर. १९५६ मध्ये ते मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये दाखल झाले. तिथे प्रशिक्षण द्यायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. त्यांच्या हाताखाली जातककथेवर 'द बॅनियन डिअर' (१९५७) हा चित्रपट तयार झाला.

आता थोडी आकडेमोड. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम्स लागतात. एक चित्र दोन फ्रेम्स चालवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दहा मिनिटांना ७,२००! प्रत्येक चित्र पारदर्शक शीटवर उतरवायचं, रंगवायचं आणि कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक फ्रेम शूट करायची. 'अनडू' वगैरे काही भानगड नव्हती.

बरं, नुसती चित्रं जास्त काढून भागत नाही. उसळणारा चेंडू घ्या. वर वेग कमी, म्हणून चित्रं जवळजवळ. जमिनीपाशी वेग जास्त, म्हणून दूरदूर. आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्सच की हे!

१९७२ च्या त्यांच्या 'यू सेड इट'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तला (१९७७) ॲनिमेशनचा भाग त्यांचाच. जपानच्या युगो साको यांच्यासोबत त्यांनी 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' (१९९२) दिग्दर्शित केला. तो २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरात पुन्हा लागला.

मला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती युनिसेफसाठी त्यांनी साकारलेली मीना. घरचे शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ही पोरगी आपल्या मिठू पोपटाला शाळेत धाडते. तो ऐकून येतो, ती आकडे शिकते आणि कोंबड्या मोजताना चोरी पकडते! दक्षिण आशियातल्या कितीतरी घरांत 'मुलीला का शिकवायचं' याचं उत्तर असं हसतखेळत पोचलं.

२०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले. आज मधली चित्रं सॉफ्टवेअर भरून देतं. पण गोष्ट कुणासाठी सांगायची, हे आपणच ठरवायचं असतं. तेव्हा पुढच्या सबमिशननंतर जर्नलची कोरी पानं उरली, तर कोपऱ्यात एक चेंडू उसळवून बघा!