विद्राव्यतेचा जमाखर्च

अबुल फजलाने 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या आबदारखान्याची जी हकीकत नमूद करून ठेवली आहे, तिच्यात पाणी गार करण्याची एक कृती येते: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा आणि त्या मिश्रणात, पाण्याने भरून तोंड बंद केलेली धातूची सुरई पाव तास फिरवीत राहावी. ३० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सोरा सुमारे ४६ ग्रॅम विरघळतो. म्हणजे हे शाही प्रमाण पाण्याच्या पुऱ्या कुवतीला जाऊन भिडते, आणि ते किताबी पंडितांपेक्षा चाकरांच्या अनुभवानेच ठरले असावे असे मला वाटते.

भोवतालची उष्णता ओढून घेऊन सोरा आपण होऊन का विरघळावा, हा प्रश्न मात्र फार काळ उपेक्षित राहिला. १८४० साली सेंट पीटर्सबर्ग येथे हेसने, अभिक्रिया कोणत्याही मार्गाने घडो, उष्णतेची एकूण बेरीज तीच राहते, हे सिद्ध केले. तेव्हापासून रसायनशास्त्राच्या दप्तरात उष्णतेचा जमाखर्च नेकीने मांडला जाऊ लागला. पुढे कोपनहेगनचा थॉमसन आणि पॅरिसचा बर्थेलो या दोघांनी उष्णतेला थेट मुखत्यारीच बहाल केली: जी प्रक्रिया सर्वाधिक उष्णता बाहेर टाकील तीच स्वयमेव घडेल. आबदारखान्यातील सुरई त्याला उघड बाध आणीत होती. पण सिद्धांत रुबाबदार असला की आड येणारा पुरावा अपवादाच्या सदरात टाकण्याची सोय विद्वानांना नेहमीच असते. अमेरिकेत गिब्जने १८७६ ते १८७८ या काळात आणि जर्मनीत हेल्महोल्ट्झने १८८२ साली, उष्णतेबरोबर एन्ट्रॉपीचाही, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाचाही, हिशेब धरल्यावाचून निवाडा होत नाही, हे दाखविले.

क्षार विरघळतानाच्या उष्णतेचा आकडा लहान का येतो, याचा उलगडा व्हायला आयनांचे स्फटिक आतून पाहावे लागले. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांनी मिठाची रचना दाखविली, बोर्न आणि लांडे यांनी १९१८ साली जालक ऊर्जेचे गणित मांडले, आणि पुढल्याच वर्षी बोर्न, फायान्स व हाबर यांनी हेसच्या नियमाच्या आधारे ते प्रायोगिक आकड्यांशी ताडून पाहिले. मिठाच्या एका मोलातील आयन अलग करण्यास सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात, आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढून घेताना जवळजवळ ७८३ परत मिळतात. एवढ्या अवाढव्य उलाढालीत शिल्लक राहते ती जेमतेम ४ किलोज्यूलची तूट. म्हणूनच मीठ ० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम विरघळते आणि उकळत्या पाण्यातही ३९ च्या आसपासच थांबते. उलट सोऱ्याची तूट ३५ किलोज्यूलची असल्याने त्याची विद्राव्यता त्याच टप्प्यात १३ ग्रॅमवरून दोनशेंच्या वर चढते.

तूट असूनही दोघे विरघळतात, कारण सुटे झालेले आयन एन्ट्रॉपी वाढवितात. कॅल्शियम कार्बोनेटाचे प्रकरण नेमके उलटे: ते विरघळताना मोलामागे सुमारे १३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, बर्थेलोच्या न्यायाने ते पाण्यात सहज मिसळावयास हवे, परंतु दुहेरी विद्युत्भाराचे त्याचे आयन भोवतीच्या जलरेणूंना इतके जखडून टाकतात की एन्ट्रॉपी घटते, चुनखडी जवळजवळ अविद्राव्य राहते आणि पाणी तापविल्याने तिची विद्राव्यता उलट कमी होते. बॉयलरच्या पत्र्यावर धरणाऱ्या कवचामागे बायकार्बोनेटाच्या विघटनाइतका नसला, तरी याही गुणाचा हात असतो.