लांबी बदलणारा दांडा

फुलंब्रीहून सिल्लोडकडे आणि आतल्या खेड्यांकडे प्रवासी नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप आपल्या परिचयाच्या आहेत. माणसे दाटीने बसली की जीप मागे दबते. म्हणून काही मालक मागच्या स्प्रिंगमध्ये एक-दोन पाटे वाढवून घेतात आणि रिकामी जीप उंच दिसू लागते. या बदलाचा गाडीखालच्या एका लोखंडी दांड्याशी जवळचा संबंध आहे. तो समजायला पायथागोरसचे प्रमेय पुरते.

इंजिनाची गती गिअर बॉक्समधून प्रोपेलर शाफ्टमार्फत मागच्या आसाकडे जाते. गिअर बॉक्स चासीवर पक्का असतो. आस मात्र पाट्यांना बांधलेला असल्याने खड्ड्यागणिक वर-खाली होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेला ‘क्रॉस’ त्याला कोन बदलू देतो. हा सांधा हूकच्या नावाने ओळखला जातो. स्प्रिंगचा नियम सांगणारा १७व्या शतकातील रॉबर्ट हूक तो हाच. पण कोन बदलला की लांबीही बदलावी लागते. म्हणून शाफ्ट दोन तुकड्यांचा करतात. एकावरच्या खाचा दुसऱ्याच्या नळीतील खाचांत बसतात. दोन्ही तुकडे एकत्र फिरतात, पण एकमेकांत सरकू शकतात.

हे सरकणे किती असावे? समजा, शाफ्टच्या दोन टोकांमधील आडवे अंतर ८० सेंमी आहे आणि आसाकडचे टोक १८ सेंमी खाली आहे. कर्ण, म्हणजे शाफ्टची लांबी, ८२ सेंमी येते. चाक १० सेंमी खाली लोंबले तर ती ८४.८ सेंमी होते आणि १० सेंमी वर गेले तर ८०.४ सेंमी. चाक दोन्हीकडे सारखेच हलले, पण वाढ २.८ आणि घट १.६ सेंमी!

आता पाटे वाढवून चासी ८ सेंमी उंच केली आणि चाकाची हालचाल तेवढीच राहिली असे धरू. लांबी ८१.६ ते ८७.७ सेंमी अशी बदलेल. एकूण बदल ४.४ वरून ६.१ सेंमी झाला आणि कमाल लांबी सुमारे ३ सेंमीने वाढली. नळीत तेवढी जागा राखलेली नसेल तर मोठ्या खड्ड्यात खाचांची पकड सुटते. फिरता दांडा रस्त्यावर आपटतो आणि चढावर इंजिन गाडीला धरून ठेवू शकत नाही. उलट शाफ्ट लांब झाला तर टोक आत टेकते आणि धक्का गिअर बॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडते. दबताना पाटे सपाट होऊन लांबतात. त्यांचे पुढचे टोक पक्के असेल तर आस थोडा मागे सरकतो, म्हणजे त्रिकोणाचा पायाही बदलतो. म्हणून नुसत्या गणितावर विसंबू नये. चासी भक्कम घोड्यांवर ठेवून चाके पूर्ण लोंबू द्यावीत आणि माप घ्यावे. मग आस वरच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत उचलून पुन्हा मोजावे. पहिल्या स्थितीत खाचांची पुरेशी पकड उरावी, दुसऱ्या स्थितीत थोडी मोकळी जागा. सपाट जमिनीवर उभ्या गाडीचे एकच माप पुरत नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. जुन्या रेडिओची सरकती एरिअल फळ्यासमोर धरा, एक टोक स्थिर ठेवा आणि दुसरे एका उभ्या रेषेवर खाली न्या. दर ५ सेंमीला लांबी मोजून आलेख काढायला सांगा. तो सरळ रेषा का येत नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांवरच सोपवावा.