गारवा कुणाच्या मालकीचा?

च्युइंगगम चघळताना तोंड गार पडतं, पण तापमान काही उतरत नाही. पुदिन्याच्या सत्त्वाचं, म्हणजे मेंथॉलचं, काम एवढंच की थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चकवायचं. ते जास्त झालं की मात्र कडवट लागतं, झोंबतं. मेंथॉलला पर्याय ठरतील अशी कृत्रिम रसायनं १९७०च्या दशकात शोधली ती दाढीच्या ब्लेडसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने. डब्ल्यूएस-३ आणि डब्ल्यूएस-२३ या नावांतली अक्षरं तिचीच.

पुढे कॅडबरीकडे मेंथॉल आणि डब्ल्यूएस-३च्या कुळातल्या रसायनांच्या गमचं पेटंट होतं. शिकागोच्या रिग्ली कंपनीने मेंथॉल आणि डब्ल्यूएस-२३ असलेल्या गमचं पेटंट मिळवलं आणि कॅडबरीवर दावा लावला. कॅडबरीने उलट दावा ठोकला. जून २०१२मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने दोघांनाही रिकाम्या हाताने परत पाठवलं. दोन्ही गारवे छापील साहित्यात आधीच होते, ते एकत्र करणं या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं, म्हणून रिग्लीचा हक्क रद्द झाला. आमचा माल धडाक्यात खपतो, हा युक्तिवादही चालला नाही; खप नेमका याच मिश्रणामुळे आहे हे कुठे सिद्ध झालं होतं? कॅडबरीने स्वतःच्या पेटंटात एकच रासायनिक कूळ लिहिलं होतं, तेव्हा दुसऱ्या कुळावर तिला हक्क सांगता आला नाही. न्यायमूर्ती न्यूमन यांनी मात्र काही मुद्द्यांवर वेगळं मत नोंदवलं.

हा वाद शिकागोवाल्यांचा, आपल्याला काय त्याचं, असं कर्जत-खालापूरकरांनी म्हणू नये. खालापूर तालुक्यातल्या रसायनी-पाताळगंगा पट्ट्याचं पोट रेणूंवरच चालतं. पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत सिप्लाचाही कारखाना आहे, आणि याच कंपनीने एर्लोटिनिब या कर्करोगावरच्या औषधासाठी रोश कंपनीशी दिल्ली उच्च न्यायालयात झुंज दिली. तुमचा रेणू जुन्या रेणूवरून सहज सुचण्याजोगा आहे, फक्त मिथाइलच्या जागी इथायनिल बसवलंय, असं सिप्लाचं म्हणणं होतं. खंडपीठाने २०१५मध्ये ते फेटाळलं. त्या एका अदलाबदलीतून गुणकारी औषध निघेल, हे जाणकारालाही आधीच्या माहितीवरून ठरवता आलं नसतं.

म्हणजे बदल किती छोटा, हे मोजून भागत नाही. त्याचा परिणाम आधीच्या ज्ञानावरून कळण्यासारखा होता का, हे पाहावं लागतं. आपल्या कायद्यात तर कलम ३(ई) आणखी कडक आहे: नुसत्या मिश्रणातून घटकांच्या गुणांची बेरीजच होत असेल, तर पेटंट नाही. माझ्या मते दोन गारव्यांचं गम इथे त्याच उंबरठ्यावर अडलं असतं. आपल्या अमृतधारेची मात्र गंमत वेगळी. कापूर, ओव्याचं सत्त्व आणि मेंथॉल हे तीन घन पदार्थ एकत्र केले की पातळ होतात, ही बेरजेपलीकडची करामत. पण ती इतकी जुनी आहे की तिच्यावर आता कुणीच हक्क सांगू शकत नाही.