पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरताय?

कोकणात मिरगाआधी लाकडांची बेगमी झाली नाही, तर न्हाणीतली चूल चार महिने नुसती धुमसते. ओल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचंच. ते उडवण्यातच आच खर्ची पडते. म्हणून ओंडके होळीच्या सुमारासच फोडा. सालीतून ओल सहज निघत नाही, फोडलेल्या अंगातून निघते. वाळलेल्या ढलपीच्या टोकांना भेगा पडतात, दोन ढलप्या आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्यांचा नुसता भद्द! रचताना खाली जांभ्याचे चिरे ठेवा, नाहीतर वाळवी लागलीच. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. ताडपत्रीत गच्च बांधलेली लाकडं बुरसतात, पण लोक बांधतातच! सोडणं, करवंट्या पेटवणासाठी वेगळ्या ठेवा. आणि हो, ढिगात अंधारात हात घालू नका, विंचू असतो.